आजोबांचा साइडबोर्ड आणि नऊ इंचांची पट्टी

आजोबांचा साइडबोर्ड, म्हणजे जेवणघरातलं खणांचं बुटकं कपाट, दादरहून डोंबिवलीला आला तेव्हा लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी तो जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवला. मधल्या दारावरचा जडावाचा, म्हणजे लाकडाचे तुकडे बसवून केलेला, शिंपला शाबूत होता, पण उजव्या कडेची पिवळी पट्टी मोजून नऊ इंच गायब. वरच्या फळीला फुगे आलेले. नखाने टकटक केली की पोकळ आवाज यायचा. १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाच्या लिलावात आजोबांनी तो घेतला, असं घरात सांगतात.

पहिला सुतार म्हणाला, "ताई, घासून वर सनमायका मारू, नव्यासारखं होईल." दुसरा मेलामाइन पॉलिशवर अडून बसला. अख्खं महोगनी आहे अशीच दोघांची समजूत. खण बाहेर काढून कड पाहिली की कळतं: वर महोगनीचा पातळ पापुद्रा, आत साधं पांढुरकं लाकूड. जडावकामही त्या पापुद्र्याच्याच जाडीचं. पॉलिश पेपर जरा जोरात फिरला असता तर शिंपला गेलाच होता.

तिसरे मिस्त्री ओळखीतून मिळाले, सत्तरी ओलांडलेले. आल्या आल्या त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मागच्या पायावर दाबून धरला. बोळा चिकट आणि तपकिरी झाला. "चपडा आहे. मग जमेल." चपडा म्हणजे लाख. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, त्यामुळे जुनं सगळं न खरवडता त्यावरच नवा हात देता येतो. शिंपल्याच्या कडेची काळपट छटाही त्यांनीच दाखवली. मी आजवर तो रंग समजत होते. लाकडाचे तुकडे गरम वाळूत कडेने भाजून ती आणतात म्हणे.

फुग्यांच्या दिवशी मी सुट्टी टाकली. जुनं चिकटकाम सरसाचं, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचं. उष्णता आणि ओल मिळाली की सरस पुन्हा मऊ होतो. आमच्या पावसाळ्यात त्यानेच घात केला होता, आता त्यावरच सगळी मदार. ओलं फडकं, वर कोमट इस्त्री, धारदार पात्याने रेषांच्या दिशेने बारीक चीर, आत ताजा सरस, मग कागद, फळी आणि क्लँप. सरसाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात. उकळला की त्याचा जोर जातो. वासाने शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या.

एक फुगा मात्र ऐकेना. तिथे बाबांनी कधीकाळी पांढरा गम भरून ठेवला होता. मिस्त्रींनी दोनदा इस्त्री फिरवली आणि हात आखडता घेतला. ओढलं तर पापुद्रा फाटेल, म्हणाले. बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

जुनी पट्टी बॉक्सवूड नावाच्या पिवळ्या विलायती लाकडाची. नऊ इंचांसाठी ते कुठून आणणार? मिस्त्रींनी हेद या आपल्याकडच्या झाडाचा तुकडा आणला, पिवळसर आणि बारीक पोताचा. पट्टी बसली, पण जरा जास्तच उजळ दिसत होती. चहाचं पाणी दोनदा लावल्यावर जुन्या पट्टीत मिसळली. आता मलाही सांधा शोधावा लागतो.

नऊ दिवस, तेरा हजार रुपये. तिसरा खण जुलैत अजूनही अडतो. "रंधा मारू नका, लाकूड फुगलंय. दिवाळीत आपोआप सरकेल," असं बजावून गेलेत. तोवर खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासते आणि टेबलक्लॉथ दुसऱ्या खणात ठेवते.