पारव्याचा फुलटोच्या

सुरुवातीला तो पारवा होता. पाच इंच लांब, अडीच इंच रुंद आणि अडीच इंच उंच अशा लाकडी ठोकळ्यावर मी पेन्सिलीने त्याची बाजूने दिसणारी आकृती काढली होती, आणि ती बऱ्यापैकी पारव्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचा होला झाला. रविवारी साळुंकी. मधल्या आठवड्यात चिमणी. आत्ता माझ्या टेबलावर जे काही बसलं आहे ते फार तर फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी म्हणून खपेल, तेही पक्ष्यांची फारशी ओळख नसलेल्या पाहुण्यांपुढे.

याला कारण एकच, दुरुस्ती. डावा गाल फुगीर वाटला म्हणून मी तो थोडा तासला. मग उजवा फुगीर दिसायला लागला. तो तासला, तर आता डावाच पुन्हा वर आला. लहानपणी दोन बोक्यांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट ऐकली होती. तराजू काही केल्या बरोबर होत नाही आणि माकड कधी या पारड्यातलं, कधी त्या पारड्यातलं लोणी खात सुटतं. मला ते माकड तेव्हा लबाड वाटायचं. आता वाटतं, प्रामाणिकही असेल. नवशिकं असेल बिचारं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते फोनवरून. मी दिवसभर दुकानदारांचे हिशेब जुळवते, त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते आणि रात्री डोळे चुरचुरत असताना आणखी चुरचुरावेत म्हणून फोन बघते. त्यात एक दाढीवाले परदेशी आजोबा खुर्चीत बसून एका छोट्या चाकूने पक्षी करत होते. दहा मिनिटांत पक्षी तयार. लाकूड कसलं, सोललेला मुळा वाटत होता. ते बासवूड असतं, तिकडचे नवशिके त्यावरच हात बसवतात, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मला फक्त एवढंच कळलं की हे आपल्याला जमणार. चार दिवसांनी खोकं आलं: बोटाच्या दोन पेरांएवढं पातं असलेला चाकू, एकाच हाताचा जाड हातमोजा, चामड्याची पट्टी आणि हिरव्या पॉलिशची वडी. नवऱ्याने चाकू उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "लिंबं तरी कापता येतील."

घरात आजोळच्या जुन्या खिडकीची एक सागाची पट्टी होती. साग म्हणजे राजा लाकूड, पक्षीही राजेशाही होईल, असा माझा हिशेब. तासाभरात माझ्या बोटाला फोड आला आणि पट्टीला जेमतेम ओरखडे. सागाला सहसा वाळवी लागत नाही, पावसापाण्यात तो सहजी कुजत नाही, म्हणून तर आपण त्याची दारं-खिडक्या करतो. असलं लाकूड चिमटीतल्या चाकूला कशाला दाद देईल? त्यात सागामध्ये सिलिका असते, वाळूत असते तीच, आणि हत्याराची धार ती बघता बघता खाते.

मग मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेले. एका वखारीत शेठ गादीवर बसले होते, मागे छतापर्यंत फळ्या, करवतीचा आवाज, हवेत भुसा.

"बोला ताई, किती घनफूट?"

"माझ्या मुठीहून जरा मोठा तुकडा हवाय."

शेठनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला. (घरी आल्यावर मी हिशेब केला. एका घनफुटात १७२८ घनइंच, माझा ठोकळा साधारण ३१ घनइंचांचा, म्हणजे मी घनफुटाचा पंचावन्नावा भाग मागत होते. सवय जात नाही.) "कशाला?" त्यांनी विचारलं. पक्षी करायचाय म्हटल्यावर मात्र तिथली तीन-चार डोकी वळली. माल घ्यायला आलेले एक वयस्क सुतार बाकड्यावर बसले होते. ते म्हणाले, "शिवण द्या त्यांना. ऐकतं ते. साग कुणाचं ऐकत नाही."

शिवणीचं लाकूड फिकट पिवळसर, हलकं, वाळल्यावर फारसं वाकत-तडकत नाही, त्यामुळे कोरीवकामाला आणि वाद्यांनाही चालतं. कोपऱ्यातल्या ढिगातून एक तुकडा निघाला, कारागिराने तो मापात कापून दिला. पैसे विचारले तर शेठ म्हणाले, "झाला की दाखवा." ते अजून बाकी आहे.

ऐकतं ते, हा शब्द मला घरी येऊन पहिला काप घेतला तेव्हा समजला. सागावर चाकू खर्र करून घसरत होता. इथे तो आत शिरला आणि एक पातळ, गुंडाळलेली साल कुरडईच्या तुकड्यासारखी मांडीवर पडली. आवाज अगदी बारीक, रेशमी कापड फाडावं तसा. मी आणखी दहा-बारा साली काढल्या, पक्ष्याशी त्यांचा काही संबंध नसताना. सकाळी कामाच्या मावशींनी सोफ्याखालचा कचरा काढून मला विचारलं, "ताई, उंदीर झालाय का घरात?"

खरं तर लाकूड आपण सगळ्यांनीच तासलेलं असतं. कंपासपेटीत अर्धं ब्लेड असायचं, त्याने पेन्सिलीला टोक काढायचं. शार्पनर होते, पण ब्लेडने काढलेल्या लांब टोकाला वर्गात मान होता. आणि ती सालं टाकायची नाहीत. दुधात भिजत घातली की त्यांचं खोडरबर होतं, ही खबर आमच्या शाळेत होती, नंतर कळलं की सगळ्याच शाळांत होती. मी आईच्या नकळत एका वाटीत आठ दिवस सालं भिजवली होती. खोडरबर झालं नाही, वाटी मात्र कायमची बाद झाली. आज त्या खटाटोपातलं शहाणपण जाणवतं. लाकूड तासणाऱ्याला शेवटी हवं असतं ते खोडरबरच. दिवसभर माझी बोटं कंट्रोल आणि झेड या दोन बटणांवर जगतात. चुकीचा आकडा टाकला, मागे. पूर्ण ओळ उडाली, मागे. शाडूच्या गणपतीची सोंड वाकडी झाली तर चिमूटभर माती लावून ती सरळ करता येते. शिवणीच्या पक्ष्याच्या पाठीवरून कपचा निघाला की तो निघाला. त्या खड्ड्याच्या पातळीपर्यंत सगळी पाठ खाली आणायची, हाच एक उपाय. म्हणूनच पारव्याचा होला झाला.

कपचा का निघतो, हे कळायला मला दोन आठवडे लागले. लाकडातल्या रेषा ठोकळ्याच्या लांबीने जातात. त्या रेषांवरून उतारावर चाकू चालवला तर तो गुमान चालतो, चढावर चालवला की रेषांच्या मध्ये घुसतो, पाचर मारल्यासारखा, आणि आपल्याला नको असलेला तुकडा उचकटून काढतो. सपाट फळीवर हे सोपं आहे. पक्षी सगळाच चढउतारांचा. छातीवरून मानेकडे उतार, डोक्यावरूनही मानेकडे उतार. म्हणजे मानेच्या खळीत दोन्ही बाजूंनी उतरत यायचं आणि नेमकं तळाशी थांबायचं. पलीकडे एक केसभर गेलात की चढ लागलाच. दर दोन-तीन कापांनी ठोकळा हातात फिरवावा लागतो.

फिरवण्यात मात्र मला एक आयतं भांडवल मिळालं. मी विळीवर वाढले आहे. चाकूच्या माणसाला हत्यार हलवायची सवय, विळीच्या माणसाला वस्तू हलवायची. पातं जागच्या जागी उभं आणि वांगं, भोपळा, गवार जे असेल ते दोन्ही हातांनी त्याच्याकडे न्यायचं, बोटांनी अंदाज घेत. त्या व्हिडिओतले आजोबा चाकू फिरवत होते. मी चाकूचा हात गुडघ्यावर टेकवून पक्षीच पात्याकडे आणायला लागले आणि काम एकदम सुधारलं. ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे का, माहीत नाही. आमच्या स्वयंपाकघरात होती. बोथट विळी जास्त कापते, हेही आई म्हणायची. धार गेली की आपण जोर लावतो, आणि जोर लावलेलं पातं निसटलं की ते आपल्या मर्जीने थांबत नाही. मला ते वाक्य डाव्या हाताच्या अंगठ्याला टाके पडता पडता राहिले तेव्हा आठवलं. हातमोजा अर्थातच खोक्यात होता. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने चामड्याच्या पट्टीवर हिरवी वडी घासायची आणि पातं उलटं ओढत त्यावर वीस-पंचवीस वेळा फिरवायचं, हा नेम आहे. लहानपणी न्हाव्याकडे वस्तरा असाच पट्ट्यावर सपसप फिरताना पाहिला होता.

चोचीची हकिगत छोटी आहे. मोडली. मी ती खाली झुकलेली, ऐटबाज केली होती, म्हणजे लाकडाच्या रेषा तिच्यातून आडव्या जात होत्या. आडव्या रेषांचं बारीक टोक म्हणजे मारी बिस्किटाची कड. नखाने टोचलं आणि गेलं. दुसरी चोच गालातून काढली. पक्ष्याचं डोकं तेवढं मागे सरकलं, साळुंकीचं पर्व संपलं. आता चोच रेषांच्या दिशेने सरळ पुढे आहे, आखूड आणि जाड, आणि पक्षी थोडा हट्टी दिसतो.

नमुना म्हणून मला चिमणी बघायची होती. आमच्या इमारतीत चिमण्या नाहीत. कधी गेल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. पारवे मात्र हवे तेवढे. वर्षानुवर्षं मी त्यांना हुश्श करून हाकलत आले, जाळी लावली, एसीच्या खोक्यावर खिळ्यांची पट्टी लावली. आता मी पडद्याआडून त्यांच्याकडे बघत उभी राहायला लागले. डोळा कुठे असतो? माझ्या पारव्याला मी डोळे समोर काढले होते, माणसासारखे, त्यामुळे तो घुबडाच्या वाटेवर होता. खऱ्याचे डोळे बाजूला, चोचीच्या रेषेहून जरासे वर. मानेचा भाग आपण समजतो तेवढा बारीक नाही. आणि शेपूट पाठीची रेघ पुढे नेत सरळ मागे जाते; मी ती कोंबड्यासारखी उभी केली होती. एक पारवा अर्धा तास ग्रिलवर बसून राहिला. नवरा म्हणाला, "आता त्यांना दाणे टाकायला लागशील." मी नाही टाकले. नमुना म्हणून बसतोय तेवढं पुरे.

माहेरी काचेच्या कपाटात सावंतवाडीच्या लाकडी फळांची परडी होती. आंबा, केळं, सीताफळ, पेरू, सगळं रंगवलेलं आणि इतकं खरं की पाहुण्यांच्या एका पोराने पेरूला दात लावले होते. ते दोन व्रण अजून आहेत. मागे गोव्याला जाताना आम्ही सावंतवाडीला थांबून चितारआळीत गेलो होतो. दुकानात एकाच मापाचे आंबे हारीने मांडलेले. तेव्हा मी किंमत विचारून, दोन पोळपाट घेऊन बाहेर पडले. एकाच मापाचे, याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. डझनभर आंबे करायचे आणि एकाचीही आंबट कैरी होऊ द्यायची नाही, ही काय चीज असते, ते आता माझ्या फुलटोच्याला विचारा.

फुलटोच्या हे नावही मी नंतर शोधलं. पक्षी घासून झाल्यावर लांबी मोजली तर आठ सेंटीमीटर भरली. फुलटोच्या खरोखर एवढाच असतो, आपल्याकडच्या सगळ्यात चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक. म्हणजे योगायोगाने का होईना, माझा पक्षी जिवंत मापाचा आहे. पोट पारव्याचं राहिलंय, ते सोडून द्या. आधी १२० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०, मग ४००, आणि शेवटी जवसाचं तेल. घरात खोबरेल होतं, पण ते लाकडात वाळत नाही, चिकट राहतं. जवसाचं तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. तेलाचा बोळा मी धुऊन पसरून वाळवला, कारण त्या तेलाच्या चुरगळून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. तेल लागलं आणि फिकट पिवळं लाकूड एकदम मधाच्या रंगाचं झालं, पाठीवर रेषा उमटल्या, अगदी पंखांच्या जागी. त्या मी काढलेल्या नव्हत्या.

काल पुन्हा भवानी पेठेत गेले. पक्षी पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेला होता, पण बाहेर काढायचा धीर झाला नाही. शेठनी ओळखलं.

"काय ताई, झाला का पारवा?"

"होतोय. आणखी एक तुकडा द्या. जरा मोठा."

"आता काय करताय?"

"मोर," मी म्हटलं. "बघू, चिमणीपर्यंत तरी थांबता येतं का."