भिंतीवरचे सोने
प्रार्थनास्थळांतील कलेविषयी बोलताना आपण बहुधा शिल्पांपाशीच थांबतो. मला मात्र मोझेइक, म्हणजे काच-दगडाचे बारीक तुकडे जोडून भिंतीवर केलेले चित्रकाम, अधिक खिळवून ठेवते. इस्तंबूलमधील हागिया सोफिया ही मूळची चर्चची वास्तू ५३७ साली पूर्ण झाली. तिच्यातील मोझेइकच्या सोनेरी भागांवर सोन्याचा पत्रा ठोकला असावा असे वाटते. प्रत्यक्षात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा अतिशय पातळ वर्ख दाबून केलेले ते बारीक तुकडे आहेत. कारागिरांनी ते ओल्या गिलाव्यात अनेक ठिकाणी मुद्दाम किंचित तिरपे बसवले, त्यामुळे पाहणारा दोन पावले सरकला की झळाळणारा भाग मंदावतो आणि शेजारचा उजळतो. घुमटाच्या पायथ्याशी असलेल्या ४० खिडक्यांतून येणारा प्रकाश या रचनेचाच भाग मानायला हवा. प्रखर दिव्यांखाली काढलेल्या छायाचित्रांत हेच काम सपाट, काहीसे भडकही दिसते.