नळाचे खड्डे आणि उलटे वाहणारे पाणी

जलवाहिनीला स्वतःची अशी कोणतीही दिशा नसते. पाणी टाकीकडून घराकडे येते ते केवळ टाकीकडचा दाब जास्त असतो म्हणून. हा फरक काही मिनिटांपुरता जरी उलटा झाला, तरी ज्या नळातून आपण पाणी भरतो त्याच नळातून बाहेरचे पाणी आत शिरते आणि पुढे कोणाच्या तरी हंड्यात जाऊन पडते. पाणीपुरवठ्याच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, जलशुद्धीकरण केंद्राकडे आपण जेवढे लक्ष देतो त्याच्या निम्मे लक्षही या उलट्या प्रवाहाकडे देत नाही, आणि पावसाळ्यातल्या गॅस्ट्रो-काविळीच्या साथींची चौकशी करताना तो सहसा सर्वांत शेवटी आठवतो.

या विषयातले एक जुने आणि बारकाईने तपासले गेलेले उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहराचे आहे. तिथल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात 1969 साली काविळीची साथ आली. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 97 जणांपैकी 90 जणांना संसर्ग झाल्याचे आढळले, आणि दोन सामने खेळून झाल्यावर संघाला उरलेला हंगाम रद्द करावा लागला. शहराच्या पाण्यात दोष नव्हता. सरावाच्या मैदानावर गवताला पाणी देण्यासाठी जमिनीच्या पातळीखाली, छोट्या खड्ड्यांमध्ये नळ बसवलेले होते, आणि जवळच्या इमारतीतली मुले, ज्यांच्यापैकी काहींना कावीळ झालेली होती, त्या खड्ड्यांतल्या पाण्यात खेळत असत. 29 ऑगस्टला शहरात आग लागली, अग्निशमन दलाने वाहिनीतून प्रचंड पाणी उपसले, मैदानाकडे जाणाऱ्या वाहिनीतला दाब वातावरणाच्या दाबाच्याही खाली गेला आणि खड्ड्यांतले पाणी वाहिनीत ओढले गेले. त्याच वाहिनीच्या टोकावरच्या नळाचे पाणी संघ पीत होता. काही दिवसांनी सरावाला आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना मात्र काहीच झाले नाही.

हा वृत्तांत मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आगीचे किंवा फुटबॉलचे नव्हे, त्या खड्ड्यांचे आश्चर्य वाटले, कारण असे खड्डे मी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि लहान शहरांत पाहिले आहेत. वाहिनीत दाब इतका कमी असतो की जमिनीच्या वर दोन फूट उभ्या केलेल्या नळाला पाणी चढत नाही. मग घरमालक अंगणात फूट-दोन फूट खोल खड्डा खणतो, नळ तिथपर्यंत खाली नेतो, बरेचदा तोटीही काढून टाकतो, आणि खड्ड्यात बसवलेल्या घागरीत पाणी पडू लागते. पाणी जाते तेव्हा खड्ड्यात भांडी विसळलेले, गुरांच्या पायांखालून वाहत आलेले, पावसाळ्यात तर थेट गटाराचे पाणी साचलेले असते, आणि नळाचे उघडे तोंड त्यात बुडालेले असते.

वूस्टरमध्ये वाहिनी रिकामी व्हायला आग लागावी लागली. आपल्याकडे ती रोज रिकामी होते. व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह बंद केला की चढावरच्या वाहिनीतले पाणी उताराकडच्या घरांकडे निघून जाते, मागे पोकळी राहते, आणि ती भरून काढण्यासाठी वाहिनी जिथून मिळेल तिथून हवा किंवा पाणी आत ओढते: खड्ड्यातल्या नळातून, गटारालगतच्या गळक्या सांध्यातून, गंजलेल्या जोडणीतून. त्यातच कोणी नळाला थेट मोटर लावली असेल, तर ही ओढ पुरवठा चालू असतानाही निर्माण होते. मोटरवाल्याने शेजाऱ्याचे पाणी पळवले एवढीच तक्रार गावात होते. त्याने शेजाऱ्याच्या खड्ड्यातले पाणीही वाहिनीत ओढून घेतले, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. शेवटच्या नळाशी ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजण्याची चाचणी) करून किमान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, क्लोरीन मिळाले की जलसुरक्षकाचे, म्हणजे गावात पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचे, काम झाले, असे मानले जाते. ही तपासणी हवीच, पण एवढासा उरलेला क्लोरीन हा थोड्याशा दूषिततेवरचा उपाय आहे. गटाराचे पाणी मिसळले की त्यातला सेंद्रिय मळ क्लोरीन पाहता पाहता खाऊन टाकतो. दिल्लीत 1955 साली नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलट दिशेने चढून वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले होते. तिथे क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली होती, तरी पुढच्या आठवड्यांत काविळीचे सुमारे 29,000 रुग्ण झाले. जिवाणू मरतात म्हणून विषाणूही मरतील असे गृहीत धरता येत नाही, हे त्या साथीने दाखवून दिले. शिवाय ओटी टेस्ट सहसा पाणी चालू असताना केली जाते, आणि दूषित पाणी आत शिरते ते पाणी गेल्यावर.

उलट्या प्रवाहाचा दुसरा प्रकार ओढीचा नसून रेट्याचा आहे, म्हणजे वाहिनीतला दाब न घटताही पलीकडचा दाब वाढल्यामुळे घडणारा. मोबाइल कंपनीला ज्याचे नाव मिळाले त्या फिनलंडमधल्या नोकिया शहरात नोव्हेंबर 2007 मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले सुमारे साडेचार लाख लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यात शिरले आणि आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडल्याचा अंदाज निघाला. दोन्ही वाहिन्या एका जोडणीने जोडलेल्या होत्या आणि मध्ये केवळ एक व्हॉल्व्ह होता, जो देखभालीच्या कामात उघडला गेला. आपल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये बोअरची वाहिनी आणि महापालिकेची वाहिनी एका व्हॉल्व्हवर जोडून ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती हीच.

खात्रीचा बचाव एकच आहे, आणि त्यात यंत्र असे काही नाही: हवेची मोकळी जागा. पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड आणि टाकीतले पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकते ती पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवे, म्हणजे दीड इंची पाइपाला तीन इंच. हे अंतर असेल तर वाहिनीत कितीही पोकळी झाली तरी ती हवाच ओढते. संस्थांच्या जमिनीखालच्या टाक्यांमध्ये मात्र पाइप तळापर्यंत नेलेला आढळतो, कारण तोंड जितके खाली तितके पाणी जास्त येते. मग रात्रीतून टाकीची पातळी आपोआप उतरते, सचिवांना चोरीचा संशय येतो आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला जातो. तोही आरोग्यासाठी नव्हे, पाणी वाचवण्यासाठी. या व्हॉल्व्हच्या झडपेत वाळूचा कण किंवा गंजाची खपली अडकली की तो उघडाच राहतो, आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून जिथे धोका मोठा आहे तिथे त्याच्यावर विसंबू नये. फवारणीचा पंप नळीने भरताना नळीचे टोक औषधाच्या पाण्यात बुडवणे हे तर कोणत्याही व्हॉल्व्हच्या भरवशावर करू नये.

खड्डे बुजवण्याची मोहीम पुष्कळ ग्रामपंचायती काढतात, नोटिसा देतात, क्वचित दंडही करतात. पुढच्या उन्हाळ्यात खड्डे पुन्हा दिसतात, आणि मला त्यात घरमालकाचा हट्ट दिसत नाही. केंद्राच्या 1999 च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनुसार एकमजली घराच्या जोडणीपाशी किमान 7 मीटर दाब, म्हणजे पाणी 7 मीटर उंच चढवू शकेल एवढा दाब, हवा होता. तो असता तर खड्डा खणण्याचे कष्ट कोणीही घेतले नसते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देता येते हे दाखवले आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना चोवीस तास आणि बाकीच्यांना काही दिवसांआड पाणी मिळत होते, तेव्हा अभ्यासकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. दिवसांआड पाणी मिळणाऱ्या भागातले पाणी जास्त दूषित निघाले, विशेषतः पुरवठा सुरू होताना आणि दाब कमी असताना. असा चोवीस तास, पुरेशा दाबाचा पुरवठा मिळेपर्यंत पाणी आल्याबरोबरच्या पहिल्या दोन-तीन बादल्या पिण्यासाठी न भरता धुण्याकडे वळवाव्यात, नळ जमिनीच्या वर आणून त्याला तोटी लावावी, आणि ज्या घराला तिथवर पाणी चढत नाही त्याने खड्डा न खणता ग्रामपंचायतीकडे दाबाची लेखी तक्रार करावी, कारण दाब कुठे पोहोचत नाही याची नोंद झाल्याशिवाय वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव तयार होत नाही.