पाइप किती वापस येईल? तुम्ही विचारलंत म्हणून

दारव्ह्याकडे आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ट्रॅक्टरचे हूड, फवारणीच्या बूमचे दांडे, गोठ्याचे कठडे असलं काम, आणि आयटीआयची पोरं असोत की आजूबाजूच्या गावचे वेल्डिंगवाले, सगळे एकच विचारतात, "भाऊ, 90 पायजे तर मशीनवर किती घेऊ?" म्हणजे पाइपाला 90 डिग्रीचा वाक पाहिजे तर मशीनवर किती डिग्री वाकवू, कारण मशीनमधून सोडला की पाइप थोडा वापस उघडतो. बऱ्याच जणांना फोनवरच आकडा पाहिजे असतो. सगळ्या पाइपांना चालेल असा एक आकडा नाही, पण तुमच्या पाइपाचा आकडा आधी काढता येतो आणि त्याला मोठं गणित लागत नाही, दोन तुकडे लागतात.

आधी पाइप वापस का येतो ते पाहा. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधल्या भागात लोखंड त्याच्या लवचिक मर्यादेच्या आतच राहते. क्लॅम्प सोडला की ताणाचा जेवढा भाग लवचिक होता तेवढा निघून जातो आणि कोन उघडतो. आता किती उघडेल? धातू जेवढा कडक, म्हणजे ज्याची यील्ड (ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो) जास्त, तेवढा जास्त. धातूचा यंग्स मॉड्युलस (लवचिक असताना तो किती ताठ आहे त्याचं माप) जेवढा कमी तेवढा जास्त. स्टीलचा साधारण 200 गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा 70, म्हणून सारख्याच यील्डचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप जवळपास तिप्पट वापस येतो. स्टेनलेसचा मॉड्युलस साध्या स्टीलच्या जवळचाच, पण ते वाकता वाकता कडक होत जाते, म्हणून ते साध्या पाइपाच्या सवयीने वाकवलं की कोन हमखास उघडा राहते.

आणि रेडियस. हे लोकांना उलटं वाटते. रेडियस मोठा म्हणजे पाइपावर जोर कमी, मग वापसही कमीच येईल ना? नाही. त्याच पाइपाला तोच कोन दुप्पट रेडियसने दिला तर वापस येणंही साधारण दुप्पट होते, म्हणूनच हूडची मोठी कमान जास्त त्रास देते आणि हँडलचा छोटा बेंड कमी. शिवाय कोन उघडतो तेव्हा रेडियसही थोडा वाढतो, तो डायएवढा (ज्या गोल साच्यावर पाइप वाकवतो त्याच्याएवढा) धरून चालू नका.

आता कामाचं. ज्या लॉटचा माल वाकवायचा त्याच लॉटचे दोन तुकडे घ्या, डाय तीच, शिवण, म्हणजे पाइपाच्या जोडाची रेघ, त्याच बाजूला (आम्ही ती वाकाच्या कडेला, मधल्या रेषेवर ठेवतो, तिथं ताण सगळ्यात कमी). एक तुकडा मशीनवर 20 डिग्री वाकवा, दुसरा 120, आणि क्लॅम्प पूर्ण सोडून मग मोजा. समजा पहिला 18.5 निघाला आणि दुसरा 116.5. म्हणजे 20 ला दीड डिग्री गेली, 120 ला साडेतीन. मधल्या 100 डिग्रीत 2 वाढली, म्हणजे दर 10 डिग्रीला 0.2. मग मशीनवर 93 घेतलं तर जवळपास 3 जाईल आणि 90 उरेल. 45 पाहिजे असेल तर याच रेषेवरून 47 निघते. मोठ्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनलासुद्धा असेच दोन कोन मोजून द्यायची पद्धत आहे.

लॉट बदलला की परत दोन तुकडे, इथं कंटाळा करू नका. सर्टिफिकेटवर पाहून चालत नाही का असं विचारतात, पण स्टँडर्डमध्ये यील्डची किमान मर्यादा दिलेली असते, त्याच्या वर माल कितीही कडक निघू शकतो, आणि पट्टी गोल करून शिवलेला पाइप त्या गोल करण्यातच अजून कडक झालेला असते. दिसायला सारखे, व्यास तोच, गेज (जाडी) तोच, आणि एक 2 डिग्री वापस येते तर दुसरा 4. हूडच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या लॉटमधून कापल्या की पत्रा बसत नाही, आणि पेरणीच्या तोंडावर शेतकरी ट्रॅक्टर उभा करून बसला असते, त्याचा तो दिवस जाते. मला याचं फार वाईट वाटते, कारण दोन तुकड्यांचं काम असते हो ते.

पाइपात वाळू भरून वाकवलं तर वापस येणं थांबते का, हेही नेहमी विचारतात. वाळू ठासून भरली की पाइप चपटा होत नाही, हे खरं, पण वापस येणं त्याने थांबत नाही. गॅसने लाल केला तर यील्ड उतरते आणि वापस येणं खूप कमी होते, पण गॅल्व्हनाइज्ड पाइपावर हे करू नका, जस्ताचा धूर निघतो आणि त्याने ताप भरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात 45 डिग्री असते तेव्हा लोखंड नरम पडते का, हेही विचारतात. तेवढ्याने काही फरक पडत नाही, आकडा तोच वापरा.

आणि पहिला नग आकड्यापेक्षा अर्धा डिग्री कमीच घ्या. कमी पडला तर त्याच डायवर अजून दाबता येते, जास्त झाला तर उलटा सरळ करावा लागते, आणि त्यात आतल्या बाजूला सुरकुती येते किंवा पाइप चपटतो.