नुसतं बघत बसायचं काम

"तुमचं बरंय, नुसतं बघत बसायचे पैसे मिळतात!" सकाळच्या बॅचचे एक काका कोथरूडच्या आमच्या स्विमिंग टँकवर आज हसत म्हणाले. खोटं कशाला बोलू, जीवरक्षकाचं कामच ते आहे.

पण बघायचं काय? बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा "वाचवा वाचवा" ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कुठून? आज दुपारी उथळ भाग संपतो तिथे एक पोरगा असाच दिसला. मान मागे, तोंड जेमतेम वर, दोन्ही हात पाणी खाली दाबतायत, पुढे सरकणं नाही. आवाज शून्य. आई काठावरच, मोबाईलमध्ये. (उन्हाळी बॅचला हे रोजचंच.) शिट्टी मारली, लांब काठी पुढे केली, पोराने घट्ट धरली.

"उडी का नाही मारली?" एकाने विचारलंच. अहो, आधी काठी, मग तरंगणारी रिंग, नाइलाज झाला तरच पाण्यात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारून खाली नेतो.

आई म्हणाली, "मला वाटलं खेळतोय." तसंच वाटतं हो. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर हाताच्या अंतरावर थांबा. मी एकटा सगळा टँक बघत असतो.

आणि कृपा करून पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका. त्याने उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर एकाने 108 ला फोन लावायचा, हे तंत्र शिकलेल्याने आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग 30 वेळा छाती दाबून 2 श्वास, पुन्हा तेच, मदत येईपर्यंत.