पाश्तेल द नाता घरच्या ओव्हनमध्ये

ज्यांना चिरोटे येतात आणि एकतारी पाक ओळखता येतो, त्यांनी पोर्तुगालच्या या कस्टर्डच्या वाट्या बिनधास्त करायला घ्याव्यात. निम्मं काम हाताला आधीच ठाऊक असतं. उरलेलं निम्मं म्हणजे आच, आणि माझ्या अनुभवात पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

12 नगांच्या पारीसाठी 140 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, 85 ते 90 मिली गार पाणी आणि 110 ग्रॅम बिनमिठाचं बटर. पीठ सैल आणि चिकट भिजवते, मळत बसत नाही. 15 मिनिटं झाकून ठेवून साधारण 30 सेंटिमीटरचा चौकोन लाटते. बटर मलमासारखं मऊ हवं, वितळलेलं नको. त्याचा तिसरा हिस्सा चौकोनाच्या दोन-तृतीयांश भागावर पसरायचा, कोरा भाग त्यावर दुमडायचा, मग उरलेला. पुन्हा लाटून हेच एकदा. तिसऱ्या वेळी सगळीकडे बटर लावून घट्ट गुंडाळी करायची, सुमारे 24 सेंटिमीटर लांब. आपला साटाच हा, फक्त तुपाऐवजी बटर. एप्रिल-मेमध्ये दर घडीनंतर 20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावंच लागतं. बटर पिठात मुरलं की पदर संपले, मग पारी बिस्किटासारखी होते.

गुंडाळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून 2 सेंटिमीटरचे तुकडे करते. तुकडा कापलेल्या बाजूने मफिन ट्रेच्या वाटीत ठेवायचा, अंगठा पाण्यात बुडवून मधोमध दाबायचा आणि पीठ कडेने वर चढवत न्यायचं. तळ इतका पातळ हवा की धातू जाणवेल. कड वाटीच्या काठावर थोडी येऊ द्यावी, कारण भाजताना ती आक्रसते. तळ जाड राहिला तर वरून डाग पडले तरी खाली कच्चंच राहतं.

कस्टर्डला 180 ग्रॅम साखर, 100 मिली पाणी, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल. साल फक्त पिवळी, पांढरा भाग कडवट लागतो. उकळी आल्यावर ढवळायचं नाही. थर्मामीटरवर 103 ते 105 अंश, म्हणजे एकतारी. पोर्तुगीजमध्येही या अवस्थेचं नाव तारेवरूनच आहे, 'पोन्तु द फिउ'. दुसरीकडे 300 मिली दुधात 30 ग्रॅम मैदा गुठळ्या न होऊ देता कालवून दाट शिजवते. त्यात पाक बारीक धारेने ओतते. मिश्रण कोमट झालं की 6 बलक घालून गाळते. गरम असताना बलक घातले तर ते शिजून कण धरतात.

अंड्याचा पांढरा भाग मठांमध्ये वस्त्रांना खळ करायला वापरत आणि बलक गोडात जात, असं सांगतात. लिस्बनमधल्या बेलें भागात, जेरोनिमुश मठाशेजारी, 1837 पासून हा पदार्थ विकला जातो.

तिथल्या भट्ट्या आपल्या ओव्हनपेक्षा खूप तापतात. आपला ओटीजी बहुतेक 250 अंशांवर थांबतो, म्हणून तो जाड लोखंडी तव्यासकट 40 मिनिटं तापवते आणि ट्रे त्या तव्यावर ठेवते. खालून धग मिळाली तरच तळ खुसखुशीत होतो. वाट्या पाऊण भरायच्या. जास्त भरल्या तर कस्टर्ड उतू जाऊन पारी ट्रेला चिकटते. 12 ते 15 मिनिटं, शेवटची 2 फक्त वरच्या कॉइलवर. करपल्यासारखे काळे डाग हवेतच. 200 अंशांवर सावकाश भाजलं तर डाग पडण्याआधी कस्टर्ड फाटतं आणि बटर पाझरून पारी तेलकट होते.

बाहेर काढल्यावर फुगलेलं कस्टर्ड खाली बसतं, ते बरोबर आहे. 5 मिनिटांनी वाट्या जाळीवर काढायच्या, ट्रेमध्ये वाफ धरून तळ मऊ पडतो. कोमट असतानाच दालचिनीची पूड भुरभुरावी. दुसऱ्या दिवशी 180 अंशांवर 5 मिनिटं, मायक्रोवेव्ह नको.