गच्चीवरून देवयानी : आश्विन वद्याची नोंद

जागा पुण्यातली गच्ची. उपकरण १०×५० बायनॉक्युलर (दहापट मोठे दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा), दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारे आकाश, साडेसहा अंश. लक्ष्य एकच, देवयानी दीर्घिका, म्हणजे मेसिएच्या यादीतली एम ३१.

कोजागरीनंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. वद्य षष्ठीपासून रात्री दहापर्यंत बऱ्यापैकी काळोख मिळू लागतो. ऑक्टोबरच्या मध्याला नऊ वाजता देवयानी बरोबर ईशान्येला, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर असते. अकरा-चाळीसच्या सुमारास ती सर्वांत उंच, ६७ अंशांवर येते. नोव्हेंबरच्या मध्याला हीच उंची दोन तास आधी मिळते. घाई नसेल तर नोव्हेंबरच बरा, कारण आश्विन अमावास्येचा काळोख लक्ष्मीपूजनाच्या धुरात जातो.

वाट अशी. भाद्रपदांच्या चौकोनाचा ईशान्येकडचा कोपरा म्हणजे अल्फेराट्झ हा तारा. तिथून सात अंशांवर डेल्टा हा तारा, पुढे आठ अंशांवर मिराक. दोन्ही उड्या दृष्टिक्षेत्रापेक्षा थोड्या मोठ्या आहेत, म्हणून आधीचा तारा कडेबाहेर गेल्यावरही किंचित पुढे सरकावे लागते. बहुतेक जण इथेच चुकतात. मिराकवरून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने वळा: चार अंशांवर म्यू तारा, आणखी तीन अंशांवर न्यू. न्यूला लागून सव्वा अंशावर जो लांबट, पुसट डाग आहे तीच देवयानी. थेट पाहिले की विरते, नजर थोडी बाजूला ठेवली की परत येते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आहे. छायाचित्रांतल्या सर्पिल भुजांची अपेक्षा ठेवू नये.

डोळे सरावायला किमान वीस मिनिटे लागतात. मोबाइल एकदा उघडला की पुन्हा वीस.

खरा त्रास दवाचा. निरभ्र आकाशाखाली भिंग आपली उष्णता वर सोडत राहते, भोवतालच्या हवेपेक्षा गार होते आणि त्यावर दव धरते. चित्र हळूहळू दुधाळ होत जाते. आकाश खराब झाले असे वाटून लोक आवरते घेतात. उपाय म्हणजे जुन्या योगा मॅटची नळी. बायनॉक्युलरचे नळकांडे बाहेरून ६० मिमी व्यासाचे आणि मॅट ६ मिमी जाड असेल, तर पट्टी १८८ मिमी कापून चालत नाही. टोके जुळत नाहीत, सुमारे दोन सेंटीमीटरची फट राहते. मॅटच्या जाडीचा मध्य धरायचा, म्हणजे ६६ गुणिले ३.१४, साधारण २०७ मिमी. रुंदी १०० मिमी: २५ नळकांड्यावर, ७५ पुढे. टोकाला टोक लावून जाड दोऱ्याने शिवावे. लांबीचा मोह नको. १०० मिमी पुढे काढली की दृष्टिक्षेत्राची कड किंचित कापली जाते. शेजारच्या गॅलरीतला आकाशकंदीलही ही नळी अडवते, आणि शहरात हा फायदा दवापेक्षाही मोठा ठरतो. नव्या, मोठ्या भिंगावर पैसे घालण्याआधी हे करून पाहावे.

दव धरलेच तर पुसू नये. धूळ घासून भिंगावरचा लेप ओरखडतो. हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून फिरवावा. काम आटोपल्यावर बायनॉक्युलर गच्चीवरच बंद पिशवीत ठेवून मग घरात न्यावा.

५० अंशांच्या वर तिवईचा उपयोग कमी, मान मोडते. गादीवर उताणे पडून कोपरांखाली उशा घ्याव्यात.

दिवसाची नोंद थोडकी. सातवीण फुलली आहे, संध्याकाळी वास डोक्यात जातो. दुपारी गच्चीवर पिवळसर चतुर घिरट्या घालतात. ते पँटाला फ्लॅव्हेसेन्स या जातीचे असावेत: बसताना फांदीला उभे लोंबकळतात, पंख आडवे पसरून. हेच चतुर मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात असावेत, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. चतुर मोजायचे तर दिशाही लिहा, नुसत्या आकड्यातून काही कळत नाही.

बाकी राहिलेले काम एम ३२, देवयानीची छोटी सोबती दीर्घिका. देवयानीच्या गाभ्यापासून जेमतेम २४ कलांवर (६० कला म्हणजे एक अंश), १० पटीत अगदी ताऱ्यासारखी. हात टेकूनही हलतो तोवर ती पटत नाही. कार्तिक वद्यात, दीर्घिका नऊ-दहाला डोक्याजवळ असताना, पुन्हा.